गाडीखालचा काळा डाग

बार्शीहून एका भगिनींचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी बजावलंय, कारण पत्रात यजमानांविषयी तक्रार आहे! त्यांची छोटी गाडी बारा वर्षांची झाली. महिन्याभरापासून सकाळी गाडी बाहेर काढली, की फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसतो. गॅरेजवाल्याने उभ्या उभ्या पाहून "इंजिन खोलावं लागेल, १८ हजार धरून चाला" असं सांगितलं. यजमान म्हणाले, "त्यापेक्षा रविवारी मीच करतो!" मोबाईलवर त्यांनी एक व्हिडिओ पाहिलाय आणि शेजाऱ्यांकडून जॅकही मागून आणलाय. बाई विचारतात, "करू द्यावं की अडवावं? आणि माझ्या फरशीचं काय?"

फरशीचं शेवटी सांगते. आधी मला त्या जॅकची काळजी वाटते.

पण त्याहीआधी एक गोष्ट. गळतंय ते इंजिन ऑइलच आहे ना? रात्री गाडीखाली एक जुना पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी त्यावर काळपट-तपकिरी, बोटाला बुळबुळीत लागणारा थेंब असेल तर ते ऑइल. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, खुशाल सोडून द्या. हिरवं किंवा लालसर पाणी असेल तर ते रेडिएटरचं. ते विषारी असतं आणि चवीला गोड, तेव्हा मुलं आणि मांजरं त्यापासून लांब ठेवा. आणि चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, पातळ तेलाचा ओघळ दिसला तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. मग गाडी जागची हलवूच नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

आता ऑइल गळतं का, ते बघू. आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको, कारण आपल्या ओट्यावर कुकर आहे. कुकरची रिंग जुनी झाली की कडक होते आणि कडेने वाफ फुसफुसते. इंजिनच्या दोन भागांमध्येही अशीच रबराची नाहीतर कागदी पॅकिंगं असतात. वर्षानुवर्षं तापून ती कडक होतात आणि ऑइल झिरपू लागतं. रिंग कडक झाली म्हणून आपण कुकरचं झाकण हातोडीने ठोकत नाही, रिंग बदलतो. इथेही तसंच. नट आणखी आवळून गळती थांबत नाही, उलट झाकण वाकतं किंवा बोल्टच तुटतो. मग खरोखरच हजारांची गोष्ट होते.

कुकरची आणखी एक खोड इंजिनला आहे. शिट्टी चोंदली की वाफ भलतीकडून वाट काढते. इंजिनमधली वाफ बाहेर जायला ब्रीदरची एक नळी असते. ती चोंदली की आत दाब वाढतो आणि धडधाकट सीलमधूनही ऑइल बाहेर येतं. ती नळी साफ न करता नवं पॅकिंग बसवलं, तर थोड्या दिवसांत पुन्हा गळती सुरू होते. म्हणून मेकॅनिकला पहिला प्रश्न हाच विचारा, "ब्रीदर पाहिलात का?" बाईमाणसाच्या तोंडून हा शब्द ऐकला की समोरचा जरा सांभाळून बोलतो, हा माझा अनुभव आहे.

दुरुस्ती घरी करायची की नाही, हे गळती कुठून आहे त्यावर ठरवायचं. थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं मात्र नाही. ऑइल वरून ओघळतं, वाऱ्याने मागे पसरतं आणि भलत्याच जागेवरून ठिबकतं. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना वरचा भाग फडक्याने कोरडा पुसा. संशय असेल त्या सांध्यावर चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरा, मात्र फिरत्या पट्ट्यांपासून लांब. गाडी थोडी फिरवून आणा, थंड होऊ द्या आणि मग बघा. ऑइलची काळी रेघ पांढऱ्या पावडरीवर लपत नाही.

रेघ इंजिनच्या अगदी वरच्या झाकणापासून निघाली असेल, तर यजमानांना खुशाल पाना हाती घेऊ द्या. या झाकणाला मेकॅनिक टॅपेट कव्हर म्हणतात. गाडीच्या सगळ्या गळत्यांमध्ये ही सर्वांत गरीब. पॅकिंग त्याच गाडीचं आणि चांगल्या प्रतीचं आणा. इंजिन थंड असू द्या, जुन्या पॅकिंगचा कण न् कण खरवडून काढा, उघड्या इंजिनात माती जाऊ देऊ नका. बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत, थोडे थोडे आवळायचे. आणि सिलिकॉनची पेस्ट श्रीखंडासारखी थापू नका! जास्तीची पेस्ट आत गळून पडते आणि ऑइलच्या जाळीत अडकते.

पण रेघ खाली जात असेल, म्हणजे चेंबर, ड्रेनचा नट, फिल्टर किंवा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधला सील, तर यजमानांना अडवा. हात धरून अडवा. जॅक हा चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरण्यासाठी नाही. तो कलला तर गाडी छातीवर येते. विटा किंवा दगडही लावायचे नाहीत, ते फुटतात. गॅरेजात खड्डा किंवा लिफ्ट असते ती याचसाठी. तिथे चार पैसे जास्त गेले तरी जाऊ द्यात. गाडी वॉरंटीत असेल तर वरचं झाकणही उघडू नका.

मधल्या सीलचं काम महाग का, तेही समजून घ्या. सील तसा स्वस्त असतो, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून बिल मागताना मालाचे किती आणि मजुरीचे किती, असं वेगवेगळं लिहून घ्या. त्याच वेळी क्लच झिजलेला असेल तर तोही बदलून टाकावा, म्हणजे मजुरी दोनदा पडत नाही. बार्शीच्या भगिनींनी १८ हजारांचा आकडा सांगणाऱ्याला एवढंच म्हणावं, "गळती कुठून आहे ते आधी मला बोटाने दाखवा." दाखवता आलं नाही, तर दुसरं गॅरेज पाहावं.

गळती थांबेपर्यंत ऑइलची पट्टी रोज तपासा. गाडी सपाट जागी हवी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली हवीत. पट्टी काढा, पुसा, पुन्हा बुडवून पाहा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणंही वाईटच. बॉनेटमधून जळका वास किंवा धूर येत असेल, तर ऑइल तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडतंय. त्यातून आग लागू शकते, तेव्हा गाडी बाहेर काढू नका.

एक आमच्या घरचं सांगते. कोल्हापूरला निघालो होतो, मागे सासूबाई. कराडच्या पुढे समोर तेलाच्या झारीचं चित्र असलेला लाल दिवा लागला. हे म्हणाले, "दीड तासाचा तर रस्ता, तिथे गेल्यावर बघू." मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "अरे, तळणीतलं तेल संपलं तर कढई जळते. थांबव आधी." जागच्या जागी थांबवली. चार दिवसांपूर्वीच फिल्टर बदलला होता. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती आणि तिच्यावर नवा फिल्टर चढवला होता. दोन रिंगांमधून सगळं ऑइल रस्त्यावर! आणखी थोडे किलोमीटर गेलो असतो तर इंजिन जाम झालं असतं, असं टोचन करून नेणाऱ्या मेकॅनिकने सांगितलं. तेव्हापासून लाल दिव्याच्या बाबतीत आमच्याकडे सासूबाईंचा शब्द अखेरचा असतो.

आता फरशी. डाग ताजा असेल तर त्यावर लाकडाचा भुसा नाहीतर राख टाकून रात्रभर राहू द्या, ऑइल शोषलं जाईल. सकाळी तो भुसा झाडून घ्या, कपडे धुण्याची पावडर थोड्या गरम पाण्यात कालवून ब्रशने घासा. जुना डाग दोन-तीनदा घासावा लागेल. तो भुसा चुलीत किंवा बंबात घालायचा नाही. आणि उरलेलं जुनं ऑइल गटारात ओतायचं नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात धरलं जातं. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या. हाताला लागलं असेल तर रॉकेल-पेट्रोलने न धुता साबणाने धुवा, आणि यजमानांचा त्या दिवशीचा शर्ट इतर कपड्यांत भिजवू नका.