ओसरीवरील गोष्टी : जुनें मोडावें केव्हां ?

आमच्या कुळाची वंशावळ संगणकावर असावी, या हेतूनें थोरल्या बंधूंच्या मुलानें २०११ सालीं एक लहानशी आज्ञावली लिहिली होती. परवां ती नव्या यंत्रावर चालवूं गेला, तों ती अडून बसली. "काका, मीं एक अक्षरही बदललें नाहीं, भाषाच बदलली," असें तो म्हणाला. त्यावर वहिनींनीं स्वयंपाकघरांतूनच विचारलें, "चालतें घर मोडून नवें बांधण्याची हौस कोणाला आली होती ?" प्रश्न मार्मिक होता. म्हणून आम्ही पुतण्यास समोर बसवून सर्व प्रकार समजून घेतला. तोच वाचकांपुढें ठेवीत आहों.

संगणकास कामें सांगण्यासाठीं ज्या कृत्रिम भाषा केल्या आहेत, त्यांपैकीं पायथन ही एक. हॉलंडमधील गिडो व्हान रॉसम यांनीं ती १९९१ सालीं लोकांपुढें ठेवली. तिच्या पायांतच एक दोष राहून गेला होता. साधा मजकूर म्हणजे बाइटांची रांग, असें ती मानी. इंग्रजी अक्षरास एक बाइट पुरतो; देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास मात्र हल्लीं रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतींत ३ लागतात. त्यामुळें 'राम' या शब्दाची लांबी विचारली असतां उत्तर ९ येई ! इतर लिप्यांसाठीं मजकुराचा निराळा प्रकार होता व त्याच्या आधीं 'यू' हें अक्षर लावीत. परंतु हे दोन प्रकार एकमेकांत मिसळले, कीं इंग्रजी नांवांवर बिनतक्रार चालणारी आज्ञावली पहिलें मराठी नांव येतांच कोसळे.

हा दोष ठिगळ लावून जाणारा नव्हता. म्हणून ३ डिसेंबर २००८ रोजीं निघालेल्या तिसऱ्या आवृत्तींत मजकूर आणि बाइट मुळापासूनच वेगळे केले. आतां 'राम' ची लांबी ३ येते. काना निराळा मोजला जातो, एवढाच आम्हां शाळामास्तरांचा आक्षेप उरतो. त्याच संधीस इतरही नियम बदलले. ७ ला २ नीं भागिलें असतां पूर्वीं ३ येत, ते आतां साडेतीन येतात. छापण्याच्या आज्ञेस कंस सक्तीचा झाला. पुतण्याची आज्ञावली या कंसापायींच अडली होती.

मग कर्त्यांचें चुकलें कोठें ? भागाकारासाठीं त्यांनीं २००१ सालींच सोय केली होती : आज्ञावलीच्या आरंभीं एक ओळ लिहिली, कीं तेवढ्यापुरता नवा नियम लागू. पाणिनीनेंही वैदिक रूपें फेंकून दिलीं नाहींत. 'छन्दसि' म्हणून त्यांचें क्षेत्र आंखून दिलें. मजकुराच्या बाबतींत मात्र हा विवेक सुटला. नव्या आवृत्तीनें तें 'यू' अक्षरच चूक ठरविलें. म्हणजे पूर्वीं ज्यांनीं काळजीपूर्वक शुद्ध लिहिलें, त्यांनाच शिक्षा! एकच आज्ञावली दोन्ही आवृत्त्यांत चालविणें त्यामुळें अधिकच कठीण झालें. अखेर २०१२ सालच्या ३.३ आवृत्तींत तें अक्षर, कांहीं प्रयोजन नसतांही, पुन्हां ग्राह्य केलें. जुन्या आवृत्तीची २०१५ ची मुदतही १ जानेवारी २०२० पर्यंत वाढविली.

आम्हांस वाटतें, वहिनींच्या प्रश्नाचें उत्तर यांतच आहे. पाया चुकला असेल तर घर मोडावेंच. परंतु नव्या घरांत जातांना म्हाताऱ्यांच्या हाताला कठडा हवा, आणि जुन्या घराला कुलूप केव्हां लागणार, तेंही आधीं सांगितलें पाहिजे. प्रत्येक कुटुंबांतील सुधारणेस हीच कसोटी लावून पाहावी.

पुतण्यानें दोन संध्याकाळ बसून आज्ञावली दुरुस्त केली व आजोबांच्या वहीशीं एकेक नांव ताडून पाहिलें. वहिनींनीं सर्व ऐकून घेतलें आणि मुलास एवढेंच विचारलें, "इतकीं वर्षें मुदत दिली होती म्हणतोस, मग तूं काय करीत होतास?" त्यावर मात्र तो कांहीं बोलला नाहीं.