भायखळ्याच्या जुन्या वास्तू अडगळ नव्हेत

भायखळ्यातील जुन्या वास्तू पाडून जागा मोकळी करावी, असे सुचवणारे वाचकपत्र वाचले. गर्दीची तक्रार खरी आहे. उपाय मात्र पटत नाही. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली तेव्हापासून भायखळा हे स्थानक आहे आणि आजची इमारत १८५७ची. अलीकडे तिचा जीर्णोद्धार झाला तो लोकलची वाहतूक सुरू ठेवूनच; २०२२ साली त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कारही मिळाला. प्रवाशांची घुसमट होते ती पुलांवर, जिन्यांवर आणि फलाटांवर. दर्शनी इमारत पाडून ती कशी कमी होणार?

खर्चाचा आक्षेप रास्त आहे, पण स्थानकाच्या जीर्णोद्धाराला खासगी देणगीचा हातभार लागला होता. वास्तू मोडकळीस आली म्हणजे ती निरुपयोगी झाली, हा तर्कही टिकत नाही. भायखळ्यातीलच राणीच्या बागेतील १८७२ सालचे भाऊ दाजी लाड संग्रहालय कित्येक वर्षे दुर्लक्षित होते. नेटाने काम झाल्यावर त्याचे ओतीव लोखंडी खांब आणि सोनेरी नक्षी पुन्हा उजळली. तेव्हा मागणी करायचीच तर पाडकामाची नव्हे, दरवर्षीच्या अंदाजपत्रकात देखभालीसाठी स्वतंत्र तरतुदीची करावी.

— एक वाचक, मुंबई