वीस रुपयांचा कारखाना

आमच्या होस्टेलवर सध्या सबमिशनपेक्षा शेअरचा अभ्यास जोरात आहे. रात्री जेवण झालं की एकच चर्चा : "अरे, बारा रुपयांचा शेअर आहे, अजून किती खाली जाणार? घे!" एकाने तर मेसचे पैसे घातले. (कंपनीचं नाव सांगत नाही, तो अजून उधारीवर जेवतोय.) बारा रुपये म्हणजे स्वस्त आणि बाराशे म्हणजे महाग, हे गणित इंजिनिअरिंगच्या मुलांनी करावं? माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या. गणित मात्र तपासून बघा.

पेणहून रोह्याकडे जाताना, नागोठण्याच्या अलीकडे डोलवीचा पोलाद कारखाना लागतो. हा पूर्वी इस्पात इंडस्ट्रीजचा. डिसेंबर २०१० मध्ये जेएसडब्ल्यू स्टीलने इस्पातचा सुमारे ४१ टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं. भाव शेअरला १९.८५ रुपये, एकूण २,१५७ कोटी. म्हणजे अख्ख्या कंपनीचे झाले सव्वापाच हजार कोटी. क्षमता तेव्हा वर्षाला ३३ लाख टन. करा भागाकार : टनामागे जवळपास सोळा हजार रुपये. शिवाय कंपनीच्या डोक्यावर हजारो कोटींचं कर्ज, तेही किमतीतच धरायचं. जुनं घर घेताना त्यावरचं बँकेचं कर्ज आपल्या गळ्यात येणार असेल, तर आपण ते धरतोच ना! मग वीस रुपये स्वस्त होते की महाग? नुसत्या विसावरून कळतच नाही.

पुढे २०१३ च्या विलीनीकरणात इस्पातच्या ७२ शेअरला जेएसडब्ल्यूचा १ मिळाला. २०१७ मध्ये त्या एकाचे १० झाले. २०२५ मध्ये भाव हजारावर गेला. म्हणजे १,४२९ रुपयांचे दहा हजार! हे ऐकून आमच्या रूमवर टाळ्या पडल्या. पण वर्षं लागली जवळजवळ पंधरा, म्हणजे वर्षाला साधारण चौदा टक्के. टाळ्या थांबल्या. सगळ्यांना सेमिस्टर संपायच्या आत दुप्पट हवेत!

आणि हे पैसे शेअर "वीस रुपयांचा" होता म्हणून वाढले नाहीत. डोलवीची क्षमता २०१६ मध्ये ५० लाख टन झाली, २०२१ मध्ये १ कोटी टन. त्यात भांडवल ओतावं लागलं. शिवाय विलीनीकरणानंतर हातातला शेअर एकट्या डोलवीचा राहिला नाही, विजयनगरचा मोठा कारखानाही त्यात आला.

असो. आपण भट्टी, रोलिंग मिल शिकतो. टनाला किती वीज, किती कोळसा लागतो हे ब्रोकरपेक्षा आपल्याला लवकर कळायला हवं. तेव्हा उद्या कोणी बारा रुपयांची टिप दिली, तर त्याला विचारा : एकूण शेअर किती, कर्ज किती, आणि माल किती टन निघतो?