बॉयलर नव्हे, रिॲक्टर!

डोंबिवली एमआयडीसीतील अमुदान केमिकल्समध्ये २३ मे २०२४ रोजी स्फोट झाला, तेव्हा सुरुवातीच्या बातम्यांत एकच शब्द होता: बॉयलर. नंतर बाष्पके संचालनालयाने स्पष्ट केले की तेथे नोंदणीकृत बॉयलर नव्हताच. फुटला तो रिॲक्टर. दहाहून अधिक कामगार गेल्यावर हा कीस पाडणे वाटेल. पण तपासायला कोण येणार, हे याच शब्दावर ठरते.

बॉयलर म्हणजे दाबाखाली पाण्याची वाफ करणारे, २५ लिटरपेक्षा मोठे पात्र. त्याची सरकारदरबारी नोंद होते, ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र मिळते. १९२३चा कायदा जाऊन २०२५मध्ये नवा आला, तरी ही चौकट तीच आहे. रिॲक्टर त्यात बसत नाही. तेल तापवणारा थर्मिक फ्लुइड हीटर दिसायला बॉयलरचा भाऊच, पण वाफ करत नाही म्हणून तोही बाहेर. अशी दाबपात्रे अमुदानच्या वेळी कारखाने अधिनियमाखाली होती. त्यांची तपासणी ‘सक्षम व्यक्ती’ करते. तिला मान्यता सरकार देते, फी मात्र मालक. माझ्या मते खरी कमकुवत जागा हीच.

तपासणी तरी काय असते? अल्ट्रासोनिक यंत्राने पत्र्याची जाडी मोजतात. पाइप सरळ भागापेक्षा वळणावर लवकर झिजतो आणि उष्णतारोधक वेष्टणाखाली पाणी मुरले तर गुपचूप गंजतो. वेष्टण न काढता दिलेला शेरा काय कामाचा? दाबचाचणी पाण्याने करतात. पाणी फारसे दाबले जात नाही, त्यामुळे पात्र फाटले तरी हवेसारखा स्फोट होत नाही.

रिॲक्टरमध्ये जाड पत्राही पुरत नाही. पेरॉक्साइडसारखे रसायन तापले की स्वतःच विघटन पावून वायू आणि आणखी उष्णता सोडते. थंड पाण्याचा पुरवठा तुटला तर काही मिनिटांत सारे हाताबाहेर जाते. तेव्हा सेफ्टी व्हॉल्व्ह पुरेसा मोठा आहे का, हा प्रश्न जाडीइतकाच महत्त्वाचा. डोंबिवलीतच २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीतील स्फोटात १२ जण दगावले होते.

किन्हीराजासारख्या गावात रसायनांची वसाहत नसेल, पण पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची टाकी हेही दाबपात्रच. हवेतील बाष्प थंड होऊन टाकीच्या बुडाशी पाणी साचते आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरचा रंग शाबूत असतो. दोन माणसांचे दुकान म्हणजे कारखाना नव्हे, त्यामुळे निरीक्षक फिरकत नाही. टाकीखालचा नळ रोज संध्याकाळी सोडून पाणी काढायला एक मिनिट लागतो. सारखा फुसफुसतो म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह तारेने बांधलेला असेल, तर आधी तो सोडवावा आणि बदलून घ्यावा. तोवर टाकीशेजारी कुणाला बसू देऊ नये.