रागी गिळावी, इडली चावावी

बेंगळुरूला गेलेला मराठी पाहुणा हौसेने एखाद्या गौडा पद्धतीच्या खानावळीत जेवायला बसतो, आणि ‘रागी मुद्दे’ समोर येताच त्याची फजिती होते. मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवून घोटलेला, चेंडूएवढा गोळा. सोबत पातळ सारू. पाहुणा घास चावू लागतो आणि तो दातांना, टाळूला चिकटून बसतो. मग शेजारचा कोणी हसून सांगतो, “चावायचे नाही, सारूत बुडवून सरळ गिळायचे!”

‘एक घास बत्तीस वेळा चावावा’ हे लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला प्रश्न पडतो, मग हे पचते तरी कसे? त्याचे उत्तर मिळवायचे तर घासाबरोबर पोटात उतरायला हवे.

दातांचे काम कोणी करायचे?

पचनाची सुरुवात तोंडात होते. दात अन्नाचे बारीक तुकडे करतात आणि लाळ त्यात मिसळते. दिवसाकाठी एक ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यातील पाचक द्रव्य पिठूळ पदार्थांची साखर करू लागते. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, तो यामुळेच.

मुद्देच्या बाबतीत दातांचे काम जात्याने आणि चुलीने आधीच उरकलेले असते. पीठ बारीक दळलेले, उकळत्या पाण्यात शिजलेले. पुढचे काम आतड्यातील पाचक रस सांभाळतात. ही सवलत चपाती, शेंगदाणे किंवा मटणाला मात्र नाही. लहान मुले आणि गिळताना त्रास होणारे वृद्ध यांनी तर मुद्देही गिळू नये; घास घशात अडकण्याची भीती असते.

याच शहरात १९८०च्या दशकापासून ‘दर्शिनी’ पद्धतीची उपाहारगृहे पसरली. कूपन घ्यायचे, उभ्या उभ्या इडली-वडा खायचा, वर कॉफी घेऊन पळायचे. मऊ इडली न चावताही घशाखाली उतरते. पण पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोहोचायला सुमारे वीस मिनिटे लागतात. तोवर दुसरी प्लेट संपलेली असते! घाईत हवाही गिळली जाते आणि मग ढेकरा सुरू होतात. दोष इडलीचा नाही, घाईचा आहे.

जठरापासून मोठ्या आतड्यापर्यंत

अन्ननलिकेतून घास काही सेकंदांत जठरात येतो. तेथे तीव्र आम्ल बरेचसे जंतू मारते आणि प्रथिनांचे विघटन सुरू होते. साधे जेवण साधारण दोन ते चार तासांत पुढे सरकते. तेलकट जेवण अधिक रेंगाळते. जठराच्या तोंडाशी असलेली झडप आम्लाला वर येऊ देत नाही. पण भरल्या पोटी आडवे झाले की आम्ल अन्ननलिकेत चढते आणि छातीत जळजळ होते. संगणक कंपनीतून मध्यरात्री घरी येऊन, भरपेट जेवून लगेच अंथरुणावर पडणाऱ्याला हा अनुभव नवा नसतो.

पुढे सुमारे सहा मीटर लांबीचे लहान आतडे लागते. यकृताकडून आलेले पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येथे अन्नात मिसळतात. खरे पचन आणि शोषण होते ते येथेच. उरलेला चोथा दीड मीटरच्या मोठ्या आतड्यात जातो. तेथे पाणी शोषले जाते आणि अब्जावधी उपयोगी जंतू त्या चोथ्यावर जगतात. तो मिळाला नाही, तर त्यांची उपासमार होते आणि माणसाला बद्धकोष्ठ.

येथे रागी बाजी मारते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात. सडलेल्या पांढऱ्या तांदळात जेमतेम ३ ग्रॅम. सोळाव्या शतकातील संतकवी कनकदासांनी ‘रामधान्यचरिते’ या कन्नड काव्यात तांदूळ आणि रागी यांचे भांडण रंगवून रागीला जिंकवले आहे, ते पोटाच्या दृष्टीनेही पटण्यासारखे आहे. कोकणातल्या नाचणीच्या भाकरीलाही हेच लागू.

मिरची निर्दोष, ‘गॅस’ संशयित

जठराच्या व्रणाचे खापर पूर्वी मिरचीवर आणि काळजीवर फुटे. १९८२ साली ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी त्यामागचा जंतू शोधला. लोकांना पटेना, म्हणून १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन दाखवला! २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू आणि मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या ही व्रणाची मुख्य कारणे. तिखटाने त्रास वाढू शकतो, पण व्रण त्याने होत नाही.

सर्वांत धोक्याचा शब्द मात्र ‘गॅस’. छातीत दडपण, घाम, दम लागणे, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ ही हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी सोडा-लिंबू पिऊन वाट पाहू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे.

एवढे पाळावे

• निदान वीस मिनिटे, बसून, सावकाश जेवावे.
• रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे.
• नाचणी, ज्वारी, कडधान्ये, पालेभाज्या, फळे रोज घ्यावीत. तंतू हळूहळू वाढवावेत आणि पाणीही पुरेसे प्यावे.
• रोज चालावे. शौचाची भावना दाबून ठेवू नये.
• आम्लपित्ताच्या गोळ्या आठवडेच्या आठवडे मनाने घेऊ नयेत.
• शौचातून रक्त, डांबरासारखा काळा मल, गिळताना अडथळा, कारणाशिवाय घटणारे वजन, शौचाच्या सवयीत आठवडे टिकणारा बदल, यांपैकी काहीही दिसल्यास डॉक्टरांकडे जावे.

पोट सहसा एकदम बिघडत नाही. आधी बरेच दिवस कुरकुरते. ती कुरकुर वेळीच ऐकली, तर पुढचे पुष्कळ दुखणे टळते.