भाकरीला डोळे कुठे काढायचे?

गॅदरिंगच्या फूड स्टॉलसाठी प्रोफाइल बॅनर करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अट एकच, "क्यूट पाहिजे!" म्हणजे हसरा बर्गर, गुलाबी गालांचा पिझ्झा, डोळा मारणारा डोनट. फुकटच्या आयकॉन सेटमध्ये हे ढिगानं मिळतं. पण आम्ही विकणार होतो भाकरी-ठेचा, धपाटे आणि सुशीला. (पुण्याकडच्या मित्रांनो, सुशीला ही मुलगी नाही, भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता आहे.)

मग स्वतःच काढायला बसले. पिझ्झाचा त्रिकोण लांबूनही ओळखू येतो. भाकरीचा टॉप व्ह्यू काढा, गोल. फ्रंट व्ह्यू काढा, नुसती रेघ! फर्स्ट इयरचं ड्रॉइंग इथं कामाला येईना. डोळे काढले तर चांदोबा झाला. मुदखेडला घरी फोटो पाठवला, तर आई म्हणाली, "पापुद्रा कुठाय गं? आणि भाजल्याचे डाग?" तिथं गाडी रुळावर आली. एका कडेनं पापुद्रा उचलला, चार काळे डाग दिले, शेजारी ठेच्याचा हिरवा गोळा. आता ६४ पिक्सेलमध्येही भाकरी भाकरीच दिसत होती.

टीममधली एक म्हणाली, "छान आहे, पण गावठी वाटतं गं." राग आला. पण खरं सांगू? कॉन्व्हेंटमध्ये मीही भाकरी डब्याच्या झाकणाआड धरून खायचे. मला कुणी काही म्हटलं नव्हतं, माझं मीच ठरवून टाकलं होतं.

जपान्यांनी असं ठरवलं नाही. १९९९ साली शिगेताका कुरिता यांनी डोकोमो कंपनीसाठी १७६ इमोजी केले, तेही १२ बाय १२ ठिपक्यांत. २०१० मध्ये युनिकोडनं इमोजी घेतले, त्यात ओनिगिरी, ओडेन, डांगो हे त्यांचे घरचे पदार्थ जगभर गेले. ओनिगिरी म्हणजे काय, तर दाबून बसवलेला भात! तो क्यूट आणि आमची भाकरी गावठी? चपट्या रोटीचा इमोजी यायला २०२० उजाडलं, तोही सगळ्या जगाच्या रोट्यांत मिळून एकच. माझं मत विचाराल तर क्यूट म्हणजे फक्त सवयीचं. आपण काढलंच नाही, तर सवय कुणाला होणार?

असो. बॅनरवर भाकरी गेली, डोळ्यांशिवाय. मैत्रिणीच्या हट्टापायी कोपऱ्यात एक डोनटही राहिला. स्टॉलवर सहा जण डोनट मागून गेले!