काम कायमचं, बाई मात्र तात्पुरती!

जिल्हा रुग्णालयात जा, नगरपालिकेत जा, बँकेत नाहीतर कॉलेजात जा. सकाळी सगळ्यांच्या आधी तिथं कोण पोचलेलं असतं? फरशी पुसणारी, कागदपत्रं इकडून तिकडे नेणारी, वॉर्डात बेडपॅन उचलणारी, कॉम्प्युटरवर नोंदी भरणारी बाई. आठ-आठ, दहा-दहा वर्षं ती तिथंच असते. साहेब बदलतात, डॉक्टर बदलतात, ती बदलत नाही. तरी तिला विचारा, "ताई, नोकरी कुठे?" तर ती म्हणेल, "इथंच हो, पण मी इथली नाही. एजन्सीची आहे."

ही 'एजन्सीची' नोकरी म्हणजे काय, ते आपल्या घरातल्या, शेजारच्या कितीतरी जणींना रोज भोगावं लागतं. पगार दोन महिने थकला म्हणून ऑफिसात विचारलं, तर "तुमच्या ठेकेदाराला विचारा." ठेकेदाराला फोन केला, तर "वरून बिलच निघालं नाही." आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना! बाळंतपणाची रजा मागितली, तर "आता घरीच बसा, दुसरी बाई मिळाली." वर्ष संपलं की नवं टेंडर निघतं, नवा ठेकेदार येतो. कामावर बाई तीच, झाडू तोच, पण तिची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू. मागची सगळी वर्षं पाण्यात.

मला राग येतो तो याचा. काम तात्पुरतं असेल, तर माणूस तात्पुरतं ठेवलेलं समजू शकतं. ऊसतोडीच्या हंगामात, लग्नसराईत, निवडणुकीत जादा हात लागतातच. पण दवाखान्याची फरशी काय हंगामी असते? ती रोजच पुसावी लागते. मग काम कायमचं आणि बाई तात्पुरती, हा कुठला न्याय?

कायदा काय म्हणतो, ते आधी बघू. कंत्राटी कामगारांसाठी १९७० साली केंद्राचा कायदा झाला. बारमाही कामात कंत्राटी पद्धत बंद करता यावी, अशी त्यात सोय होती. पण कंत्राट बंद झालं म्हणून कामगार आपोआप मूळ आस्थापनेत कायम होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये 'सेल'च्या खटल्यात स्पष्ट केलं. दार अगदीच बंद मात्र केलं नाही. कंत्राट केवळ कागदावरचं असेल, ठेकेदार नावापुरता असेल, तर कामगार मूळ मालकाचाच ठरतो, हेही त्याच निकालात आहे. याच मुद्द्यावर लढून मुंबई महापालिकेचे सुमारे २७०० सफाई कामगार २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जिंकले. वर्षानुवर्षं लढले, पण जिंकले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि जुने बरेच कायदे त्यात सामावले. त्यात काही चांगलं आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायला हवं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा. काम सुटलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता व्हायला हवा. आणि ठेकेदारानं पगार बुडवला, तर जिथं काम केलं त्या आस्थापनेच्या मालकावर तो देण्याची जबाबदारी येते. म्हणजे "ठेकेदाराला विचारा" हे उत्तर देऊन साहेबांना हात झटकता येत नाहीत, बरं का!

पण एक गोम आहे. संहितेतलं कंत्राटी कामगारांविषयीचं प्रकरण पन्नास किंवा त्याहून जास्त कंत्राटी कामगार असतील तिथंच लागू होतं. १९७० च्या मूळ कायद्यात हा आकडा वीस होता. आपल्या तालुक्याच्या गावात कुठल्या कचेरीत पन्नास कंत्राटी माणसं असतात, सांगा!

दुसरी गोम त्याहून बोचणारी. संहितेनं आस्थापनेच्या 'मुख्य' कामात कंत्राटी माणसं ठेवायला बंदी केली आहे. छान. पण मुख्य कामात काय धरायचं नाही, त्याचीही यादी दिली आहे. झाडलोट, साफसफाई, कँटीन, धुलाई, बागकाम, पहारा. त्या कामासाठीच संस्था उभी असेल तरच ते मुख्य. यादी पुन्हा एकदा वाचा. झाडणं, धुणं, रांधणं! घरात या कामांना कोणी 'काम' म्हणत नाही, "बायको काही करत नाही, घरीच असते" म्हणतात. तोच न्याय आता कचेरीतही. अहो, एक दिवस ऑपरेशन थिएटर पुसलं नाही तर डॉक्टर ऑपरेशन करतील का? मग ते काम दुय्यम कसं?

यावर उत्तर ठरलेलं असतं. सगळ्यांना कायम केलं तर तिजोरी रिकामी होईल, कायम झालेली माणसं काम करत नाहीत. दुसऱ्या आक्षेपात थोडं तथ्य आहे, हे आपण सरकारी कचेऱ्यांत अनुभवतोच. पण कामचुकारपणाला शिस्त लावायची की माणसाला टांगत ठेवायचं? आणि पैशाचं म्हणाल, तर ठेकेदाराला नफा द्यायला पैसा असतो, बाईच्या प्रॉव्हिडंट फंडाला नसतो, हे पटत नाही.

आणखी एक खटकतं. १४ मार्च २०२३ ला आपल्या राज्य सरकारनं नऊ खासगी एजन्सींमार्फत नोकरभरतीचा आदेश काढला. शिकलेली मुलं रस्त्यावर उतरली, राज्यभर आवाज उठला आणि २० ऑक्टोबर २०२३ ला तो रद्द करत असल्याचं जाहीर झालं. उत्तम झालं. पण झाडूवालीच्या, आयाबाईच्या कंत्राटाविषयी तेवढा आवाज कधी उठला? तिची नोकरी गेली तर आपण "दुसरी येईल" म्हणतो, एवढंच.

न्यायालयांनी मात्र अधूनमधून या बायकांचं ऐकलं आहे. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांनाही बाळंतपणाचे लाभ मिळाले पाहिजेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिला तो २००० साली, नेमका ८ मार्चला. आणि २० डिसेंबर २०२४ ला 'जग्गो' खटल्यात, केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात वर्षानुवर्षं राबून २०१८ मध्ये काढून टाकलेल्या सफाई कामगार बायकांना परत घ्या आणि कायम करा, असा आदेश दिला. या बायका एजन्सीच्या नव्हत्या, थेट कार्यालयाच्याच होत्या. पण त्यांना काढून तीच कामं बाहेरच्या एजन्सीकडे दिली गेली, याचा अर्थ कामाची गरज होतीच, हे न्यायालयानं हेरलं. निकालाला त्यांच्यातल्याच एकीचं नाव आहे, याचंही मला फार समाधान वाटतं.

मग मैत्रिणींनो, आपल्या हातात काय? पहिलं म्हणजे कागद. ओळखपत्र, हजेरीचा फोटो, पगाराची पावती, बँकेची नोंद, साहेबांनी दिलेली लेखी सूचना, सगळं एका पिशवीत जपून ठेवा. हजेरी कोण घेतं, काम कोण सांगतं, रजा कोण देतं, यावरूनच खरा मालक कोण ते ठरतं. आधार, बँक आणि पीएफ खात्यात नाव एकसारखं आहे का, ते पाहा. माहेरचं एकीकडे, सासरचं दुसरीकडे असा घोळ ठेवू नका. ठेकेदार बदलला तरी पीएफचा यूएएन क्रमांक तोच राहतो, नवा काढू देऊ नका. पगारातून पीएफ कापतात, तो खात्यात जमा होतो का, तेही मोबाइलवर दिसतं. ईएसआय लागू असेल आणि ठरलेले दिवस भरले असतील, तर पहिल्या दोन मुलांच्या वेळी २६ आठवड्यांचा मातृत्व लाभ मिळतो. कामाच्या जागी कोणी त्रास दिला, तर २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात ठेकेदाराची कामगारही येते. "ती आमची नाही" म्हणून तिची तक्रार नाकारता येत नाही.

पगार थकला तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. थकलेल्या रकमेसाठी तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो. वकिलाचे पैसे कुठून आणू, ही चिंता नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. मात्र अर्ज एकटीनं देऊ नका. एकटीला उद्यापासून येऊ नको म्हणणं सोपं असतं, पंधरा जणींना म्हणणं अवघड.

आणि सरकारकडे एकच मागणं. आपल्याच महाराष्ट्रानं १९६९ साली माथाडी कायदा केला. हमालांचे मालक रोज बदलत होते, म्हणून मंडळ काढलं. मजुरी आणि वर लेव्ही मालकानं मंडळात भरायची. पगार, फंड, सुट्टीचे पैसे मंडळानं द्यायचे. पुढे सुरक्षारक्षकांसाठीही १९८१ च्या कायद्यानं मंडळं आली. मग झाडणाऱ्या, पुसणाऱ्या, रुग्णांची सेवा करणाऱ्या बायकांसाठी का नाही? ठेकेदार येवोत, जावोत, बाईची नोंद मंडळात राहील, तिची वर्षं मोजली जातील. पुरुषांच्या पाठीवरच्या ओझ्याची राज्यानं पन्नास वर्षांपूर्वी कदर केली. बाईच्या हातातल्या झाडूची कदर करायला आणखी किती वर्षं लागणार?